असेल तर दाखवा

१

वस्तादांचा दिवस दोन गोष्टींनी सुरू व्हायचा, किल्लीने आणि भांडणाने. किल्ली गिऱ्हाइकाची असायची आणि भांडण ग्रुपवरचं. सकाळी बायको वाचनालयात नोकरीला गेली की ते पुढच्या खोलीतल्या स्टुलावर बसायचे, टेबलाच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, बिनदातांची कोरी किल्ली आवळायचे आणि कानस चालवायला घ्यायचे. दोन लांब हात, एक आखूड. हा ताल त्यांच्या सासऱ्यांनी हाताला लावलेला. सासरे हेच त्यांचे गुरू. चार दात झाले की वस्ताद फडक्याला हात पुसायचे आणि फोन उघडायचे, काल संध्याकाळपासून कोण काय बरळलंय ते बघायला.

ग्रुपवर जुनी कुलपं जमवणारे, दुरुस्त करणारे आणि नुसतेच हौशे मिळून चारेकशे लोक होते. रीत अशी, की कुलपाचा फोटो टाकायचा, मापासाठी बाजूला एक आगकाडी ठेवायची आणि विचारायचं, हे कसं उघडायचं? नऊ वर्षं त्याचं शेवटचं उत्तर वस्ताद देत आले होते. ‘वस्ताद’ हे त्यांचं तिथलं नाव. ते लोकांनी दिलं असा सर्वांचा समज होता. खरं तर त्यांनी स्वतःच घेतलं होतं. ग्रुपचा पहिला नियमही त्यांनीच लिहिलेला: ‘वापरात असलेल्या किल्लीचा आडवा फोटो कधीही टाकू नये.’ किल्ली आडवी दिसली की दात दिसतात, आणि दात दिसले की जाणत्या माणसाला दुसरी किल्ली कापायला तेवढं पुरतं.

एका मंगळवारी कुणीतरी पेटीच्या कुलपाचा फोटो टाकला. वस्तादांनी चौदा ओळींचं उत्तर लिहिलं, त्यात लिव्हर, स्प्रिंग, गंज, तेल, काही म्हणून सोडलं नाही. त्याखाली एका नव्या माणसाने एक ओळ लिहिली. त्याचं नाव होतं ‘शेजारी’.

‘किल्ली अर्धी फिरवा आणि हात सोडा. बाकीची ती स्वतः फिरेल.’

दुपारपर्यंत पेटी उघडली. शेजाऱ्याच्या ओळीला एकसष्ट अंगठे मिळाले. वस्तादांच्या चौदा ओळींना नऊ, आणि त्यातला एक त्यांचा स्वतःचा होता.

२

मत्सर हा फार कामसू प्राणी आहे. माणूस जेवायला बसला तरी तो काम करत असतो. वस्ताद आता किल्ल्या कमी आणि अंगठे जास्त मोजू लागले. शेजारी थोडं लिहायचा, नम्र लिहायचा, आणि त्याचं बरोबर यायचं. यापैकी एकही गोष्ट माफ करण्यासारखी नव्हती.

त्यात घरचा आहेर झाला. एका संध्याकाळी बायको चहा घेताना स्वतःच्या फोनवर ग्रुप वाचत होती. कुलूपवाल्याची मुलगी ती. तिला त्यातलं बरंच कळायचं.

“अहो, हा शेजारी कोण हो?”

“असेल कुणीतरी उपटसुंभ.”

“बाबांसारखं लिहितो,” ती म्हणाली. “बाबा असेच बोलायचे. एक वाक्य, आणि मग गप्प.”

वस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला. सासऱ्यांच्या हाताखाली त्यांनी अकरा वर्षं काढली होती, आणि म्हाताऱ्याने तोंडाने कधी शाबास म्हटलं नव्हतं. आता हा कोण कुठला, ना पाहिला ना ऐकला, आणि तो बाबांसारखा. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी तिथेच, तिच्यासमोर बसून लिहिलं, ‘एका ओळीत शहाणपणा सांगणं सोपं असतं. दात बसवायला बारीक कानस लागते, आणि जुन्या पोलादाची तशी कानस आज कुणाकडे राहिलेली नाही.’

उत्तर लगेच आलं, जणू तो वाटच बघत होता.

‘खरं आहे. माझ्याकडे हत्यार नाही. तुमच्याकडे असेल तर दाखवा.’

वस्ताद उठलेच. सासऱ्यांची कानस त्यांनी खणातून काढली. लाकडी मूठ, मुठीवर अंगठ्याच्या जागी पडलेला खोलगट खड्डा. आधी सासऱ्यांच्या अंगठ्याने पाडलेला, मग तीस वर्षं त्यांच्या. कानस फडक्यावर ठेवली, बाजूला आगकाडी ठेवली, फोटो टाकला. बघता बघता शंभर अंगठे आले, आणि त्यांच्या पोटात बऱ्याच दिवसांनी थंड वाटलं.

शेजाऱ्याने एकच शब्द लिहिला होता.

‘मिळालं.’

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कानस हातात घेतली तेव्हा अंगठा घसरला.

त्यांनी मूठ उजेडात धरली. खड्डा नव्हता. मूठ गुळगुळीत, गोल, आजच दुकानातून आणल्यासारखी होती. पोलाद मात्र जुनंच होतं, निदान तसं वाटलं. त्यांनी दोन खण उपसले, टेबलाखाली वाकून पाहिलं. दुसरी कानस नव्हती.

वस्ताद मूळचे अक्कलवान माणूस. त्यांनी विचार केला की मूठ कधीतरी बदलली असेल आणि आपण विसरलो. वय होतं, तसं विसरायलाही होतं. मग फोन उघडून कालचा फोटो पाहिला. फोटोत खड्डा स्पष्ट होता, सावलीसकट. फोटोत उजेडामुळे काहीही दिसतं, असं म्हणून त्यांनी फोन पालथा ठेवला आणि काम सुरू केलं.

दोन लांब, एक आखूड. मग किल्ली उलटी करायला ते थांबले, आणि आवाज थांबला नाही.

खरखर भिंतीपलीकडून येत होती. दोन लांब, एक आखूड. हात सफाईदार होता, आणि हत्यार चांगल्या पोलादाचं होतं. पोलाद आवाजावरून कळतं. वस्तादांनी भिंतीला कान लावला. कुणीतरी नवीन भाडेकरू असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांना आठवलं की टेबलामागच्या त्या भिंतीपलीकडे खोली नाहीच. तिथून जिना जातो.

त्यांनी दार उघडून पाहिलं. जिना रिकामा होता, पायऱ्यांवर नुसतं सकाळचं ऊन पडलं होतं. वरून सहावी पायरी बरोबर त्यांच्या टेबलामागे येत होती. तिच्यावर पितळेचा कीस पडला होता, चिमूटभर. वस्तादांनी तो बोटाने टिपला. आपल्याच चपलेला चिकटून गेला असेल, असं त्यांनी ठरवलं, आणि हे ठरवणं तितकंसं अवघड गेलं नाही.

४

एखाद्याने इथेच शहाणं होऊन फोन बंद केला असता. पण त्या आठवड्यात शेजाऱ्याने कानशीबद्दल चार ओळी लिहिल्या. ‘मूठ अंगठ्यात बसली की हात आपोआप चालतो,’ असं काहीतरी. त्याला दोनशे अंगठे आले. खिळाताईंनीही दिला. खिळाताई म्हणजे ग्रुप सांभाळणारी दुसरी व्यक्ती; खिळे-बिजागऱ्यांचं दुकान चालवायच्या आणि नऊ वर्षं वस्तादांच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या.

वस्तादांनी त्यांना फोन लावला.

“ताई, त्या शेजाऱ्याला काढून टाकू या. नाव नाही, गाव नाही, कोण आहे तरी तो?”

“अहो, माणूस भला वाटतो की. काल फोन आला होता त्याचा.”

“तुम्हाला? कशाला?”

“बिजागरीचं विचारायला. गंमत सांगू, आधी मला वाटलं तुम्हीच बोलताय. आवाज अगदी तुमच्यासारखा. फक्त,” खिळाताई थोड्या अडखळल्या, “रागावू नका हं, पण त्याला घाई नसते. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देतो.”

“माझं तसं नाही म्हणता?”

“बघा, आताही मध्येच बोललात.”

फोन ठेवून वस्तादांनी कानस उचलली. भिंतीपलीकडे कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं त्यांना ओळखीचं वाटलं, पण स्वतःचं खाकरणं माणसाला बाहेरून कुठे ऐकू येतं?

मग त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. सासऱ्यांची वही. म्हातारा रोजची कामं त्यात लिहायचा, आणि एका पानाच्या तळाशी, वस्ताद हाताखाली आल्याच्या अकराव्या वर्षी, त्याने लिहिलं होतं, ‘जावयाचा हात चांगला आहे.’ तोंडाने कधीच न म्हटलेलं ते एवढंच वाक्य. सासरे गेल्यावर वही चाळताना सापडलं होतं. ते त्यांनी बायकोलाही दाखवलं नव्हतं. वाईट वाटलं की एकटेच काढून वाचायचे.

ग्रुपवर त्यांनी लिहिलं, ‘विद्या गुरूकडून येते. ज्याच्या पाठीवर गुरूचा हात नाही, त्याने शिकवू नये.’

‘माझ्या पाठीवर नव्हता,’ शेजाऱ्याने लिहिलं. ‘तुमच्या असेल तर दाखवा.’

वस्तादांचं बोट क्षणभर थांबलं. कानशीची मूठ आठवली. पण त्याबरोबर दोनशे अंगठेही आठवले. त्यांनी पानाचा फोटो टाकला, आणि शब्द पानावरून पुसून जातील की काय अशा भीतीने लगेच वहीकडे पाहिलं. अक्षरं जागेवर होती. ते स्वतःशीच हसले.

‘मिळालं,’ शेजाऱ्याने लिहिलं. ‘फार दिवसांनी बरं वाटलं.’

५

वाक्य दुसऱ्या दिवशी गेलं. पान तेच, शाई तीच, वरची सहा कामंही तशीच. खाली मात्र कोरी जागा होती. खाडाखोड नाही, डाग नाही. तिथे कधी काही लिहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी वस्तादांनी वही बायकोसमोर उघडी केली. “इथे बाबांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं.”

तिने चष्मा लावून पान पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. “इथे तर काही नाही.”

“होतं. ग्रुपवर फोटो आहे बघ.”

फोटो होता, वाक्यही होतं. पण फोटो टाकणाऱ्याच्या जागी आता नाव होतं शेजाऱ्याचं, आणि खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘गुरू असावा तर असा.’ बायकोने ते वाक्य दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले.

“बाबांचंच अक्षर आहे,” ती हळूच म्हणाली. “कुणाबद्दल लिहिलं असेल हो?”

वस्तादांना ओरडावंसं वाटलं. त्यांनी ओरडून पाहिलंही. हा चोर आहे, लबाड आहे, फोटोत फेरफार करतो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि वही मिटली.

“एक सांगू? तुम्ही त्याला उत्तरच देऊ नका. तो मागतो आणि तुम्ही देता. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“म्हणजे मी हरलो असं समजेल तो.”

“समजू दे ना. आपल्या घरी येऊन बसणार आहे का तो?”

हे बोलताना ती सहज टेबलामागच्या भिंतीकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं. ऐकत असल्यासारखं. मग त्यांनाही ऐकू आलं. पलीकडे कुणीतरी कानस चालवत होतं, सावकाश, आणि त्या तालावर तिचं बोट वहीच्या पुठ्ठ्यावर हलत होतं.

“किती छान हात आहे,” ती म्हणाली. “तुमचा पूर्वी असाच होता.”

भीती वाटण्याची ती वेळ होती. पण वस्तादांना भीती वाटली नाही. त्यांचा जळफळाट झाला, आणि तोच त्यांना भोवला.

६

त्यांच्या घराच्या दाराला सात लिव्हरचं, म्हणजे सात दातांच्या किल्लीचं कुलूप होतं, लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतः घडवलेलं. तसं दुसरं कुठे नव्हतं. किल्ल्या दोन, एक त्यांच्या कमरेला आणि एक बायकोच्या पर्समध्ये. सासऱ्यांनी ते कुलूप तासभर हाताळून पाहिलं होतं, उघडलं नव्हतं, आणि काही न बोलता परत दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांनी दाराच्या कुलपाचा फोटो टाकला. ‘हे उघडून दाखवा. जमलं तर मी ग्रुप सोडतो. नाही जमलं तर तुम्ही सोडायचा.’

ग्रुपवर जत्रा भरली. जे महिनोन्महिने तोंड उघडत नव्हते तेही पुढे आले. कुणी म्हणालं वस्ताद, कुणी म्हणालं शेजारी. दोन तास शेजारी गप्प होता. मग त्याने लिहिलं:

‘नुसत्या छिद्रावरून नाही जमणार. तुमचं काम माझ्या वरचं आहे.’

चारशे लोकांसमोर हे शब्द. वस्तादांनी ते पुन्हा पुन्हा वाचले. इथे थांबले असते तर जिंकले होते. पण खाली कुणीतरी टोमणा मारला, की कुलूप बाजारातलं असेल, सात लिव्हरची किल्ली हाताने कापणारा आजवर पाहिला नाही. आणि त्याखाली शेजारी, नेहमीसारखाच नम्र:

‘मला खात्री आहे त्यांनीच केली असेल. किल्ली असेल तर दाखवा.’

पहिला नियम त्यांचाच होता. शिकाऊ माणूससुद्धा किल्ली उभी धरतो, नाहीतर अंगठ्याने दात झाकतो. वस्तादांनी आधी अंगठा ठेवलाही. पण अंगठ्याखाली ते सात दात झाकले जात होते, आणि कौतुक होणार ते त्या दातांचंच. त्यांनी अंगठा काढला. किल्ली फडक्यावर आडवी ठेवली. सवयीने बाजूला मापाची काडीसुद्धा ठेवली.

फोटो गेला. खिळाताईंनी घाईघाईने लिहिलं, ‘वस्ताद, हे काय केलंत? काढा आधी.’ त्यांनी काढला, पण त्याआधीच एक शब्द येऊन पडला होता.

‘मिळालं.’

भिंतीपलीकडे कानस सुरू झाली. वस्ताद मोजत राहिले. दोन लांब, एक आखूड. सात वेळा थांबली, आणि मग थांबलीच.

७

दुपारी एका शाळेच्या कपाटाचं कुलूप बिघडल्याचा निरोप आला. वस्ताद निघताना दार दोनदा ओढून पाहून गेले. शाळेतलं काम चिवट होतं. तिथेच त्यांनी मध्ये फोन पाहिला, तर ग्रुप उघडेना. पासवर्ड चूक म्हणून सांगू लागला. साडेपाचला ते परत आले. जिन्यात अजून उजेड होता. त्यांनी कमरेची किल्ली काढून घातली.

किल्ली गेली. फिरली नाही.

त्यांनी ती बाहेर काढून पाहिली. आकार तोच, वजन तेच, पण कड सरळ होती. एकही दात नव्हता. कोरी किल्ली.

आतून हसण्याचा आवाज आला, बायकोचा. असं मोकळं हसणं त्यांनी या घरात कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी दार वाजवलं.

“कोण आहे?” ती दाराशी येऊन म्हणाली.

“अगं, मी. उघड.”

तिने दार उघडलं नाही. मग मागे वळून म्हणाली, “अहो, बाहेर कुणीतरी आलंय.”

आतून एक आवाज आला, बेताचा, घाई नसलेला. “चुकून आले असतील. खालच्या मजल्यावर विचारा म्हणावं.”

“ऐकलंत ना?” ती दाराआडून म्हणाली. आवाज चांगला होता, अनोळखी माणसाशी बोलतात तसा. “खालच्या मजल्यावर विचारा.”

वस्ताद वाकले आणि छिद्राला डोळा लावला. आपण घडवलेल्या छिद्रातून काय दिसतं ते त्यांना पाठ होतं: टेबलाचा कोपरा, स्टूल, खिडकीचा खालचा भाग. स्टुलावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. त्यांचाच राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ लावलेला. हातात कानस होती, आणि अंगठा मुठीत खोल बसला होता. बायको कप घेऊन आली. तिने तो टेबलावर ठेवला आणि जाताना त्या खांद्यावर हात ठेवला, सहज, विसरल्यासारखा. मग ती पाठ हळूहळू वळू लागली, आणि वस्तादांनी डोळा काढून घेतला.

त्यांनी दार बडवलं, नाव घेऊन हाका मारल्या. वरच्या मजल्यावरचं एक दार उघडून बंद झालं. आत कानस चालू लागली होती, दोन लांब, एक आखूड. ते जिन्यावर बसले तेव्हा ती सहावी पायरी असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. पाठीला भिंत लागली, आणि भिंतीतून तो ताल मणक्यात उतरू लागला.

खिळाताईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, कोण बोलतंय? वस्ताद म्हटल्यावर हसल्या. “थट्टा करता होय. वस्तादांशी आत्ताच बोलणं झालं माझं. हल्ली किती शांत झालेत.”

उरला ग्रुप. तिथे शिरायला नवं नाव घेणं भाग होतं. ‘वस्ताद’ लिहिलं, तर नाव घेतलेलं आहे असं उत्तर आलं. ‘खरे वस्ताद’ लिहायला त्यांचा हात धजेना. सभासदांची यादी उघडून त्यांनी एकेक नाव पाहिलं. एक नाव यादीत नव्हतं. सकाळपर्यंत होतं, आता नव्हतं. त्यांनी ते लिहून पाहिलं, आणि फोनने ते काही न विचारता घेतलं.

ग्रुपवर सगळ्यात वर वस्तादांचं उत्तर होतं, नुकतंच लिहिलेलं, एका ओळीचं. खाली एकशेतीस अंगठे होते. घरातला चहा अजून गरम असेल, असं त्यांच्या मनात आलं. तो खांदा आठवला, आणि त्यावरचा तो हात. भीती केव्हाच निवली होती. आता पोटात फक्त जुनं, ओळखीचं जळणं राहिलं होतं. त्यांनी खिशातली कोरी किल्ली काढून पायरीवर ठेवली. घाई नव्हती. आत बसलेला माणूस कितीही शांत वाटला तरी आता त्याच्याकडे दाखवण्यासारखं बरंच काही होतं, आणि ज्याच्याकडे असतं तो किती दिवस दाखवल्याशिवाय राहतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

उत्तराखाली त्यांनी नम्रपणे लिहिलं, ‘छान. पण मी ऐकलंय, तुमच्याकडे सात लिव्हरची एक किल्ली आहे. असेल तर दाखवा.’

भिंतीपलीकडे कानस थांबली, आणि स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला.